बाल्टिक-स्लाव्हिक क्रियापदाचं मूळ कसं शोधावं: 'वेझु'पासून 'वाहणे'पर्यंत

लिथुआनियन, लाटव्हियन या बाल्टिक भाषा आणि रशियन ही स्लाव्हिक; या सगळ्या संस्कृत-लॅटिनसह एकाच जुन्या भाषेतून आल्या असं मानतात, आणि त्या भाषेतला धातू शोधणं हे आपलं काम. उदाहरणासाठी 'गाडीतून नेणे' हे क्रियापद घेऊ. 'मी नेतो' म्हणायला लिथुआनियनमध्ये 'वेझु' ('टेलिव्हिजन'मधल्या 'ज'सारखा झ) आणि रशियनमध्ये 'वेज़ु' ('जवळ'च्या 'ज'जवळ जाणारा ज़).

पहिलं काम रूप निवडण्याचं. शब्दकोशात दिलेल्या रूपावर विसंबू नका, वर्तमानकाळातलं प्रथमपुरुषी रूप घ्या. रशियनमध्ये 'चालवत नेणे' आणि 'वाहनातून नेणे' ही दोन क्रियापदं कोशातल्या रूपात कानाला एकच वाटतात, कारण 'त'च्या आधी द आणि ज़ दोघांचाही स ऐकू येतो. 'वेदु' आणि 'वेज़ु' म्हटलं की दोन धातू लगेच वेगळे होतात. लिथुआनियनमध्येही तसेच 'वेदु' आणि 'वेझु'.

आता ध्वनींची जुळणी. संस्कृत 'वहामि', लॅटिन 'वेहो' शेजारी मांडा. झ, ज़ आणि ह समोरासमोर येतात. एका शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून दुसरा शोधा: हिवाळ्याला लिथुआनियनमध्ये 'झिएमा', रशियनमध्ये 'ज़िमा', संस्कृतात बर्फाला 'हिम', आणि आपला 'हिवाळा' त्यातूनच आलेला. जुळणी तीच.

संस्कृतात जुने ए आणि ओ 'अ'मध्ये मिसळले, म्हणून स्वर ठरवताना बाकीच्यांचा 'ए' ग्राह्य धरा. व्यंजन महाप्राण होतं हे संस्कृतातल्या 'ह'वरून कळतं. बाल्टिकची साक्षही आहे: साध्या, म्हणजे महाप्राण नसलेल्या ग, द यांच्या आधीचा स्वर तिथे दीर्घ होतो (भाषाशास्त्रज्ञ वेर्नर विंटर यांच्या नावाचा नियम), इथे तो ऱ्हस्वच राहिला. हाती येतं *वेघ्, त्यातला घ तालव्य. आधीची फुली (*) म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अनुमानानं मांडलेलं आहे.

मला सर्वांत भक्कम वाटतो तो पुरावा व्याकरणाचा. भूतकाळात लॅटिन 'वेक्सी', संस्कृत 'अवाक्षीत्' आणि नवव्या शतकापासूनच्या जुन्या चर्च स्लाव्होनिकमधलं (स्लाव्हिकची सर्वांत जुनी लिखित भाषा) रूप, तिन्हींत धातूला 'स' जोडतात आणि स्वर दीर्घ करतात. शब्द उसना घेता येतो, पण असा आडवळणाचा नियम तीन ठिकाणी योगायोगानं उगवत नाही.

अर्थ शेवटी ठरवा. रशियन 'वोज़' म्हणजे गाडी, लिथुआनियन 'वेझिमस'ही गाडीच, लाटव्हियन 'वेज़ुम्स' म्हणजे गाडीभर माल, संस्कृत 'वाहन'. तेव्हा मूळ अर्थ 'वाहनातून नेणे' धरायला हरकत नाही. मराठीत 'ओझं वाहणे' इतका तो पसरला. पण वाहन चाकांचं होतं की बर्फावरून घसरणारं, हे या धातूवरून सांगू नका. त्यासाठी गाडीच्या भागांची नावं याच रीतीनं तपासा. सुरुवात आसापासून करा: लिथुआनियन 'अशिस', रशियन 'ओस', लॅटिन 'अक्सिस', संस्कृत 'अक्ष'.