टीबीसी विकत घेण्याआधी: काय पाहावं, काय जवळ ठेवावं

जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवताना (कॅप्चर करताना) चित्राची चुकलेली वेळ दुरुस्त करणारं यंत्र म्हणजे टीबीसी, टाइम बेस करेक्टर. आधी दोष ओळखा, मग यंत्र शोधा. लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटमध्ये अंतरपाटाची उभी कड नागमोडी हलत असेल किंवा चित्र वरच्या टोकाला वाकत असेल, तर प्रत्येक ओळीची वेळ चुकते आहे. त्याला लाइन टीबीसी हवा. चित्र सरळ आहे, पण कॅप्चर करताना फ्रेम गळतात आणि आवाज हळूहळू पुढे-मागे होतो, तर फुल-फ्रेम टीबीसी, म्हणजे ओळींऐवजी अख्ख्या फ्रेमची वेळ सांभाळणारा. एकाचं काम दुसरा करत नाही, तरी दोन्ही ‘टीबीसी’ म्हणूनच विकले जातात. पैसे वाया जातात ते इथेच. चित्राच्या अगदी तळाशी फाटलेल्या काही ओळी व्हीसीआर एका हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) दुसऱ्यावर जातानाच्या असतात. त्या कशानेच जात नाहीत, त्यांच्यापायी यंत्र बदलू नका.

लाइन टीबीसी व्हीसीआरच्या आतलाच उत्तम. पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत पॅनासॉनिक एनव्ही-एफएस200 किंवा जेव्हीसी एचआर-एस9600 मिळाला तर सोडू नये. नाहीच मिळाला, तर पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस10 हा डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून नुसता सिग्नल त्यातून पुढे न्यायचा. वाकलेलं चित्र बरंच सरळ होतं. फुल-फ्रेमसाठी डेटाव्हिडिओ टीबीसी-1000. स्टुडिओतून निघालेले जुने भारी टीबीसी स्वस्तात दिसले तर थांबा. त्यातल्या काहींची दुरुस्तीची मर्यादा 16 किंवा 32 ओळींचीच असते आणि व्हीटीआरला, म्हणजे स्टुडिओतल्या टेप यंत्राला, टीबीसीकडून उलट सिंक (वेळ जुळवणारा सिग्नल) द्यावा लागतो. घरगुती व्हीसीआर तो घेतच नाही.

पद्धत आणि वीज दोन्ही तपासा. आपल्या कॅसेट पाल, 625 ओळी, 25 फ्रेम. अमेरिकेतून मागवलेलं यंत्र नुसतं एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) आणि 120 व्होल्टचं असू शकतं. मुंबईच्या 230 व्होल्टवर थेट लावलं की ते गेलं. नातेवाइकांनी अमेरिकेहून पाठवलेली कॅसेट असेल, तर व्हीसीआर खरं एनटीएससी 3.58 (3.58 मेगाहर्ट्झवर रंग असलेलं) बाहेर देतो का हे विचारा. ‘पाल टीव्हीवर एनटीएससी’ अशी सोय असलेले व्हीसीआर मिश्र सिग्नल देतात, आणि तो बरेच टीबीसी ओळखत नाहीत.

यंत्र बघायला जाताना छोटा व्हीसीआर, चालू कॅसेट, एस-व्हिडिओ केबल (उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून नेणारी) आणि मॉनिटर सोबत न्या. पाच मिनिटांत ‘चालतंय’ म्हणून दाखवतील, त्यावर घेऊ नका. किमान तासभर तापू द्या. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गरम झाल्यावरच बोलू लागतात: राखाडी भागात बारीक उभ्या रेघा, मधेच गोठलेलं चित्र, अचानक उडालेला रंग. झाकण उघडू देत असतील तर कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग आणि माशासारखा वास आहे का पाहा. दुरुस्ती करायची तर 105 अंशांचे कपॅसिटर घाला. बीएनसीचे (स्टुडिओ यंत्रांवरच्या फिरवून बसणाऱ्या जोडाचे) अडॅप्टर आणि 75 ओहमची केबल लॅमिंग्टन रोडवरून आणा. ऑडिओची साधी केबल वापरली तर कडांना सावल्या दिसतात.

कॅसेट पावसाळ्यात उघडू नका. झडपेआडच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नये. हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागते. चांगली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे करून घ्या.

जोडणीचा क्रम: व्हीसीआर, टीबीसी, कॅप्चर कार्ड, सगळीकडे एस-व्हिडिओ. आवाज मात्र व्हीसीआरमधून थेट कार्डात. टीबीसी चित्र साधारण एका फ्रेमने, म्हणजे 40 मिलिसेकंदांनी मागे टाकतो. तेवढा फरक एडिटिंगमध्ये सरकवता येतो. कॅप्चरसाठी 720 बाय 576 चित्रबिंदू, 4:2:2 रंग आणि हफवाययूव्ही (दर्जा न घटवता फाइल लहान करणारी पद्धत) धरा आणि तासाला 35 जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवा. काळ्या-पांढऱ्याची पातळी 16 ते 235 मध्ये बसवा, आणि ती कॅसेटमधल्या सर्वांत उजळ दृश्यावर बसवा, सुरुवातीच्या शीर्षकावर नाही.