लॅपटॉपवरून ऑसिलोस्कोपला कमांड कशा द्यायच्या, आणि तो गप्प बसला तर काय करायचं

उदाहरणाला रायगोलचा डीएस१०५४झेड घेऊ, चार चॅनलवाला ५० मेगाहर्ट्झचा स्कोप (म्हणजे ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र), बऱ्याच लॅबमध्ये असतो. त्याची कमांडची भाषा एससीपीआय, बोलताना सगळे स्किपी म्हणतात, १९९० पासून चालत आलीय, त्यामुळे एका कंपनीचा स्कोप शिकलात की दुसऱ्या कंपनीचा निम्मा आपोआप येतो. कमांड टाइप करायच्या त्या मॅन्युअलमधल्या इंग्रजी अक्षरांतच, इथे मी फक्त उच्चार लिहितोय.

आधी जोडणी. मागच्या लॅन पोर्टला केबल लावा, युटिलिटी मेनूत आयओ सेटिंगमध्ये जाऊन आयपी अॅड्रेस बघून घ्या. लगेच पायथन उघडू नका. नेटवर्कवर थेट मजकूर पाठवणारा प्रोग्रॅम घ्या, लिनक्सवर नेटकॅट किंवा विंडोजवर पुटीच्या रॉ मोडमध्ये त्या आयपीचा ५५५५ पोर्ट उघडा आणि स्टार-आयडीएन-प्रश्नचिन्ह टाकून एंटर मारा. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर असं स्वल्पविरामाने तोडलेलं उत्तर आलं म्हणजे केबल, नेटवर्क, पोर्ट सगळं ठीक, पुढे काही अडलं तर दोष कोडमध्ये शोधायचा.

आता पायथनात पायविसा टाका, मोजमापाच्या यंत्रांशी बोलणारी लायब्ररी. सॉकेटने, म्हणजे थेट त्या ५५५५ पोर्टला, जोडताय तर रीड आणि राइट दोन्हीचं टर्मिनेशन, म्हणजे संदेश संपल्याची खूण, न्यूलाइन असं स्वतः सेट करा, कारण नाहीतर उत्तर येऊन पडलेलं असतं आणि पायविसा आपला वाट बघत बसतो, मग दोन सेकंदांनी टाइमआउट आणि लोक केबल बदलत बसतात.

कमांड लिहिताना बघा, मॅन्युअलमध्ये शब्दाची काही अक्षरं कॅपिटल असतात, तो शॉर्ट फॉर्म. एकतर तेवढाच लिहायचा नाहीतर अख्खा शब्द, मधलं अर्धवट चालत नाही. मेझर हा शब्द पहिल्या चार अक्षरांत चालतो, पूर्ण चालतो, पाच अक्षरांत नाही. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तरच स्कोप उत्तर देतो. म्हणजे प्रश्नचिन्हवाल्याला पायविसाचं क्वेरी (पाठवून उत्तर वाचणारं), बाकीच्यांना नुसतं राइट (फक्त पाठवणारं). साध्या सेटिंगच्या कमांडला क्वेरी लावलीत तर येणारच नाही असं उत्तर मागत बसाल.

आणि हीच खरी गोम आहे: कमांड चुकली तर स्कोप ओरडत नाही, चूक एरर क्यूमध्ये, म्हणजे आतल्या चुकांच्या रांगेत, टाकतो आणि गप्प बसतो. म्हणून टाइमआउट आला की पहिलं काम, सिस्टम-एरर-प्रश्नचिन्ह विचारा. उणे ११३ आलं तर तसली कमांडच त्याला माहीत नाही, म्हणजे बहुतेक स्पेलिंग. उणे २२२ म्हणजे दिलेला आकडा रेंजच्या बाहेर. एका वेळी एकच चूक मिळते, तेव्हा शून्य येईपर्यंत विचारत राहा. माझं मत विचाराल तर स्क्रिप्ट नवीन असेपर्यंत प्रत्येक राइटनंतर हे विचारावं, स्लो होतं पण डोकं शाबूत राहतं. जुन्या चुका साफ करायला सुरुवातीला स्टार-सीएलएस.

मोजमाप सोपं आहे, मेझर-आयटम-प्रश्नचिन्ह, पुढे व्हीपीपी आणि चॅनल एक, की पीक-टू-पीक, म्हणजे लाटेच्या तळापासून टोकापर्यंतचं व्होल्टेज हातात. सिग्नल मोजण्यासारखा नसेल तर ९.९ई३७ सारखा अचाट आकडा येतो, तो गाळायची अट कोडमध्ये ठेवा नाहीतर सरासरीचे बारा वाजतील. सिंगल ट्रिगर (एकदाच सिग्नल पकडून थांबणारा) लावला असेल तर ट्रिगर-स्टेटस विचारत राहा, स्टॉप आल्यावरच वाचा.

अख्खी वेव्हफॉर्म, म्हणजे लाटेचे सगळे बिंदू, हवी तर आधी सोर्स (कुठला चॅनल), मोड नॉर्मल आणि फॉरमॅट बाइट सेट करा, मग वेव्हफॉर्म-डेटा मागा, स्क्रीनवरचे १२०० पॉइंट येतात. डेटाच्या आधी हॅश, मग एक अंक आणि मग तेवढ्या अंकांत बाइटची संख्या असं शेपूट पुढूनच लागलेलं असतं, ते हाताने कापण्यापेक्षा पायविसाचं क्वेरी-बायनरी-व्हॅल्यूज वापरा. आलेले आकडे व्होल्ट नसतात. प्रिअँबल, म्हणजे आकड्यांचे व्होल्ट करायला लागणारी स्कोपने दिलेली माहिती, वाचून प्रत्येक बाइटमधून वाय-ओरिजिन आणि वाय-रेफरन्स दोन्ही वजा करायचे, मग वाय-इन्क्रिमेंटने गुणायचं. ताळा म्हणून हा पीक-टू-पीक स्कोपने स्वतः दिलेल्या आकड्याशी लावून बघा. तो जुळतोय पण अख्खी लाट वर-खाली सरकलेली दिसतेय, तर वजाबाकीतलं काहीतरी राहिलंय.