लेपाला भोकं का पडत होती? दोष बाटलीत होता

जून लागला आणि फोंड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत टायटॅनियमच्या पट्ट्यांवरचा हायड्रॉक्सीअपेटाइटचा लेप बिघडायला लागला. हाडात असतं तेच हे खनिज. आयसोप्रोपेनॉल या अल्कोहोलमध्ये या खनिजाच्या कणांवर धन प्रभार येतो. वीज दिली की ते ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर जाऊन बसतात. मेपर्यंत लेप साईसारखा गुळगुळीत होता. आता भिंगाखाली पाहिलं तर आंबोळीसारखी जाळी!

चार दिवस मी व्होल्टेजच कमी-जास्त करत बसले. खरा दोष पाण्याचा होता. पावसाळी हवेत अल्कोहोलची बाटली उघडी राहायची, त्याने ओल ओढून घेतली होती. पाण्याचं विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, आम्ही देत होतो ६०. पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटत, तिथेच भोकं पडत. नवी बाटली उघडली, त्यात ओल शोषणारे मणी टाकले. भोकं गेली.

लेप वाळताना पडणाऱ्या भेगा मात्र राहिल्या. मग एका जाड थराऐवजी दोन पातळ दिले आणि प्रत्येक थर झाकणाखाली रात्रभर सावकाश वाळवला. मग लेप पक्का करायला भट्टी: आत आरगॉन हा निष्क्रिय वायू, तापमान ८०० अंश सेल्सिअस. ८८२च्या वर शुद्ध टायटॅनियमची स्फटिकरचना बदलते, तिथवर जायचंच नाही.

परवा नखाने जोरात खरवडून पाहिलं. लेप जागचा हलला नाही.