हर्ष, उल्लास, उधाण: या चुका टाळा

रत्नागिरीतल्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासतो. मंडळांची पत्रकं, पूजेची आमंत्रणं, लग्नपत्रिका. आनंदाचे शब्द दरवर्षी त्याच जागी चुकतात.

सगळ्यात जास्त दुखतं ते ‘सहर्ष’. एका आषाढात संगमेश्वराकडचे एक गृहस्थ वडिलांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करायला आले. घाई होती, म्हणून टाइप करणाऱ्या मुलाने जुन्या लग्नपत्रिकेचीच फाइल घेतली. नावं बदलली, तिथी बदलली, शेवटची ओळ राहिली: ‘आपणांस सहर्ष निमंत्रण’. त्या दिवशी मी रजेवर होतो. दोनशे प्रती छापून गेल्या. ती ओळ पहिल्यांदा वाचली त्यांच्या आईने. धाकटा मुलगा भर पावसात घरोघरी फिरून वाटलेल्या पत्रिका परत घेऊन आला. तेव्हापासून मी कुठलीही पत्रिका खालून वर वाचतो, शेवटची ओळ आधी आणि मोठ्याने. जुन्या फाइलवर नवं काम करू नका, हे नव्या मुलांना कितीदा सांगितलं तरी त्यांना ती पाच मिनिटं वाचवायचीच असतात.

‘हर्ष’ हा तोंडदेखला शब्द नाही. मूळ धातू हृष्, म्हणजे अंगावर काटा उभा राहणे. म्हणूनच गीतेच्या पहिल्या अध्यायात रणांगणावर खचलेला अर्जुनही ‘रोमहर्षश्च जायते’ म्हणतो; तिथे आनंदाचा लवलेश नाही. तेव्हा ‘रोमहर्षक’ म्हणजे ‘आनंददायक’ असं लिहू नका.

‘हर्षोल्हास’ नको, ‘हर्षोल्लास’. उद् आणि लस् मिळून उल्लास होतो. लस् म्हणजे झळकणे. सुटा ‘उल्हास’ मराठीत रुळलाय, तो मी कापत नाही.

‘अती आनंद’ नाही, ‘अत्यानंद’.

‘आनंदीआनंद’ जपून. बोलण्यात त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘सगळा गोंधळ’ असा होतो.

आता ‘आनंदाला उधाण’. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसांनी हा शब्द इतका स्वस्त करावा याचं मला खरंच वाईट वाटतं. चाकरमानी आले, उधाण. स्पर्धेत तिसरा नंबर आला, उधाण. अहो, भरती दिवसातून दोनदा येते, उधाण नाही येत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते तेव्हा पाणी चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मवाळ. मोठ्या उधाणाला खाडीचं पाणी बांधावरून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, शिरतं. आवरता न येणं, हद्द ओलांडणं हे त्या शब्दात आहे. आणि त्यात आनंद मुळीच नाही, तो आपण जोडतो. अफवांनाही उधाण येतंच की.

म्हणून मी प्रुफावर पेन्सिलीने एवढंच विचारतो: पाणी बांधावरून गेलं का? शिमग्यात वर्षभराने देवाची पालखी अंगणात येते, म्हातारी माणसंसुद्धा तिच्यापुढे नाचायला लागतात, तिथे खुशाल उधाण लिहा. बक्षीस मिळालं तर ‘आनंद झाला’ पुरतं. पुढे तीन उद्गारचिन्हं असली तर दोन मी खोडतो.