मार्गशीर्षात लाव्ह्यांची टोपली रिकामी का?

दिवाळी सरली की फोन सुरू होतात. "भाऊ, लाव्ह्या खातात-पितात, अंगानं चांगल्या आहेत, पण अंडी निम्म्यावर आली. कुठलं टॉनिक देऊ?" टॉनिकचं नंतर बघू, खुराड्यातला दिवा किती वाजता लागतो आणि किती वाजता बंद होतो, ते आधी सांगा.

जपानी लाव्ही (बाजारात हिलाच बटेर म्हणतात) सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते आणि नीट सांभाळली तर वर्षाला 250 ते 300 अंडी देते. त्यासाठी तिला रोज 14 ते 16 तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडचा दिवस जेमतेम 11 तासांचा. पक्ष्यांमध्ये उजेड डोळ्यांतून जातोच, शिवाय कवटीतून थेट मेंदूपर्यंतही झिरपतो. दिवस आखडला की मेंदू समजतो, विणीचा हंगाम संपला. मग अंडी आटतात, आणि आपण आजार शोधत बसतो.

उपाय स्वस्त आहे. पिवळसर उजेडाचा पाच-सात वॅटचा एलईडी आणि एक टायमर. वाढीव तास पहाटे द्या, म्हणजे संध्याकाळी उजेड आपोआप मावळतो आणि पाखरं दचकत नाहीत. पहाटे चारला दिवा लावला तर सूर्य मावळेपर्यंत 14 तास भरतात. पण एकदम तीन तास वाढवू नका, आठवड्याला अर्धा-पाऊण तास पुरे. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला की उजेड पुरेसा. रात्रभर दिवा जळत ठेवणारेही भेटतात. त्यानं अंडी वाढत नाहीत, एकमेकींना टोचणं मात्र वाढतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे 36 माद्या होत्या, रोज तीसच्या आसपास अंडी. भारनियमनात पहाटेची वीज जायला लागली, टायमर मागे पडत गेला आणि दिवा भर दुपारी जळायला लागला. माझ्या लक्षात आलं तेव्हा टोपलीत नऊ अंडी होती. दिवा ठीक केल्यावरही गाडी रुळावर यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून बॅटरी बॅकअपचा टायमर वापरतो.

उजेडानंतर खाद्याची गोणी बघा. लाव्हीचं अंडं 10-12 ग्रॅमचं, म्हणजे तिच्या वजनाच्या सात-आठ टक्के. कोंबडीचं तीनच्या आसपास. एवढा माल रोज काढायचा तर खाद्यात 20 टक्के प्रथिनं आणि अडीच ते तीन टक्के कॅल्शियम हवं. कोंबड्यांच्या लेयर मॅशमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) प्रथिनं कमी पडतात, ब्रॉयलर स्टार्टरमध्ये (मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं खाद्य) कॅल्शियम. लाव्ह्यांचं खाद्य मिळत नसेल तर 22 टक्के प्रथिनांच्या स्टार्टरमध्ये किलोला 50 ग्रॅम शिंपल्याचा भुगा मिसळा, हिशेब बरोबर बसतो. मात्र गोणीवरची चिठ्ठी वाचा. रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं खाद्य अंड्यावरच्या पाखरांना नको. पावसाळ्यात ओल लागलेला, बुरशीचा वास येणारा मका तर घरी आणूच नका. एका मादीला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम खाद्य लागतं. थंडीत थोडं जास्तच.

तिसरी गोष्ट भीती. लाव्ही दचकली की सरळ वर उसळते आणि डोकं आपटून घेते, म्हणून पिंजऱ्याचं छत फूटभरच ठेवा किंवा खालून मऊ जाळी ताणा. मांजर, मुंगूस, सुतळी बॉम्ब, जागा बदलणं, काहीही निमित्त पुरतं. अंडं बघा: नेहमीच्या तपकिरी ठिपक्यांऐवजी चुना फासल्यासारखं पांढरट निघालं, तर पाखरू कशाला तरी बिचकलंय. आदल्या दिवशी काय घडलं ते आठवा. नर जास्त झाले तरी हेच होतं. तीन माद्यांमागे एक नर, आणि फक्त खायची अंडी हवी असतील तर तोही नको.

निफाड, नाशिककडे पारा पाच-सहापर्यंत उतरतो. तिथं रात्री पिंजऱ्याला पोत्याचे पडदे लावा, पण वरची वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर विष्ठेतून उठणाऱ्या अमोनिया वायूनं पाखरांचे डोळे चुरचुरतात. कोकणात पडद्यांची फारशी गरज नाही. पहाटेचं पाणी मात्र सगळीकडे बदला, गारढोण पाण्याला पाखरं तोंड लावत नाहीत.

आणि सकाळी टोपली बघून निराश होऊ नका. कोंबडीसारखी ही सकाळी बसत नाही, बहुतेक अंडी दुपारी तीन ते दिवेलागणीच्या दरम्यान पडतात. मोजणी रात्रीच करा.

दिवा, खाद्य, शांतता सगळं नीट असून अंडी वाढत नसतील, तर वय विचारा. दहा महिन्यांपुढच्या मादीचा उतार दिव्यानं थांबत नाही. पुढच्या थंडीत टोपली भरलेली हवी असेल तर पिल्लं ऑगस्टच्या मध्याला आणा. ती ऑक्टोबरात अंड्यावर येतात आणि डिसेंबरात ऐन भरात असतात.