थंडीत बंद पडणारं घड्याळ : लंबकाच्या घड्याळांच्या नादी लागणाऱ्यांसाठी

आमच्या आत्याचं टोल्याचं घड्याळ दर डिसेंबरात बंद पडायचं. "गारठतं रे ते, म्हातारं झालंय," म्हणायची आणि संक्रांत उलटली की पुन्हा चावी द्यायची. पंचवटीतल्या वाड्यात हे वर्षानुवर्षं चाललेलं. मी सातपूरला एका कारखान्यात मापं तपासायचं काम करतो, धातू किती आकसतो हा रोजचाच हिशेब. पोलादी दांडीचा लंबक 10 अंश थंडीने इतकाच आखडतो की घड्याळ दिवसाला जेमतेम 5 सेकंद पुढे जावं. पुढे! बंद पडायचा प्रश्नच नाही.

तबकडी काढून आत टॉर्च मारला तेव्हा चोर सापडला. खोबरेल! कुणीतरी मायेने घातलेलं, वर्षावर्षाला थोडं थोडं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजायला लागतं, आणि नाशिकची जानेवारीतली पहाट कधीकधी 10 च्याही खाली उतरते. शिवाय पितळेवर त्याने हिरवा चिकट थर धरला होता तो वेगळाच. या घड्याळापासून मी या नादाला लागलो.

नव्याने शिकणाऱ्याला पहिली विनंती ही की आजोबांच्या घड्याळापासून सुरुवात करू नका. भंगारवाल्याकडून किंवा जुन्या बाजारातून एखादं तुटकी काच, गेलेला रंग असलेलं, पण चक्रं शाबूत असलेलं घड्याळ घ्या. आपल्याकडच्या घरांत सेइकोशा, अन्सोनिया, युंगहान्स अशी नावं तबकडीवर सापडतात. नाव बघून भाळू नका. किल्ली फिरते का, लंबक टांगायची पातळ पट्टी सरळ आहे का, आणि चक्रांचे आस ज्या भोकांत फिरतात ती भोकं लांबट झालीत का, एवढं बघा. लांबट भोकांना नवं बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी धातूची नळी, बसवावं लागतं, ते पहिल्या वर्षात स्वतः करू नका.

मी ज्यांच्याकडे अधूनमधून जाऊन बसायचो ते मेन रोडजवळच्या एका बोळातले काका घड्याळ हातात घेण्याआधी विचारायचे, "भिंत कशी आहे?" मला तेव्हा गंमत वाटायची. आता माझाही पहिला प्रश्न तोच असतो, कारण "बंद आहे" म्हणून आलेल्या घड्याळांतली बरीचशी निव्वळ तिरकी टांगलेली निघाली. वाड्यातून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये घड्याळ नेलं, खिळा थोडा हलला, झालं.

ठोका ऐका. टिक... टॉक... टिक... टॉक, मधली अंतरं सारखी हवीत. टिक-टॉक......टिक-टॉक असं लंगडत असेल तर लंबक थोड्या वेळाने थांबणारच. कानावर भरवसा नसेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, पडद्यावर उंचवट्यांमधली अंतरं सरळ दिसतात. मग पेटीची खालची बाजू डावी-उजवीकडे केसभर सरकवत जा. ठोका सम झाला की पेटीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची रेघ मारा. पेटी वाकडी दिसलेली घरच्यांना खपत नसेल तर ओळंब्याने ती सरळ करा आणि मागे लंबकाला ढकलणारी जी बारीक तार असते ती किंचित वाकवा. कुठल्या बाजूला? ठोका सम करायला पेटीची जी बाजू उचलावी लागली होती, त्याच बाजूला. हे मी तीन वेळा उलटं केलं आहे.

आता स्प्रिंगबद्दल. टोल्याच्या घड्याळात बहुधा दोन असतात, एक चालायची, एक टोल्यांची. दोन्ही पूर्ण उतरवल्याशिवाय प्लेटचा, म्हणजे चक्रं ज्यांच्यामध्ये धरलेली असतात त्या पत्र्यांचा, एकही स्क्रू सैल करायचा नाही. किल्ली मुठीत घट्ट धरा, स्प्रिंगला उलटं फिरू न देणारा खटका उचला, अर्धा फेरा मागे सोडा, खटका बसू द्या, पुन्हा तेच. मी पहिल्यांदा चालायची स्प्रिंग उतरवली आणि टोल्यांची विसरलो. प्लेट ढिली होताच आतलं सगळं कडाडून फिरलं, दोन दाते गेले, अंगठ्याला तीन टाके. बायकोने आठवडाभर किल्ली लपवून ठेवली होती.

साफसफाईत विशेष काही नाही. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो, रॉकेल मिळालं तर रॉकेल, आणि काम गॅसपासून लांब. बांबूची टूथपिक भोकात फिरवत राहा, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. तेल घड्याळाचंच घ्या आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, तेही आसांच्या टोकांना. चक्रांच्या दात्यांना तेल लावलं की धूळ चिकटून त्याची कानस होते. तबकडी मात्र घासू नका. पिवळी पडलेली असू द्या, घासून आकडे पुसले की गेले.

शेवटी वेळ जुळवणं, आणि इथे सगळे घाई करतात. अर्ध्या सेकंदात एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणारा लंबक साधारण 25 सेंटिमीटरचा असतो, तासाला 7200 ठोके. त्याची लांबी 1 मिलिमीटरने बदलली की दिवसाला जवळपास 3 मिनिटांचा फरक पडतो. लंबकाच्या गोळ्याखालच्या नटाचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर एका फेऱ्याला दीड मिनिट. गोळा वर गेला की घड्याळ पुढे, खाली आला की मागे. एकदा फिरवलं की दोन दिवस हात लावायचा नाही, आणि मोबाईलशी मेळ रोज त्याच वेळेला घालायचा.

आत्याला हे सगळं सांगून झालेलं आहे. तिचं घड्याळ आता डिसेंबरातही चालतं, फक्त आठवड्याला दोन मिनिटं पुढे जात होतं. "मी रविवारी येतो, तू नट फिरवू नकोस," म्हटलं. शुक्रवारीच फोन आला, "अरे, आता रोज चार मिनिटं मागे पडतंय."

"किती फेरे फिरवलेस?"

"तीनच."