तोझाई मार्गावरचे रामेन: निशी-कासाईहून ओगिकुबोपर्यंत

टोकियोत नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यातच चांगले रामेन, म्हणजे सूपातल्या नूडल्स, कुठे मिळते याची चौकशी करू लागतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या हाती ‘मिशेलिन’ या खाद्य-मार्गदर्शिकेने तारे दिलेल्या दुकानांची यादी पडते. डिसेंबर 2015 मध्ये सुगामो भागातील ‘त्सुता’ या लहानशा दुकानाला मिशेलिनचा तारा जाहीर झाला. रामेनच्या दुकानाला मिळालेला जगातील तो पहिलाच तारा होता. पुढे ओत्सुका येथील ‘नाकिर्यू’ आणि शिंजुकू ग्योएन उद्यानाजवळील ‘कोंजिकी होतोतोगिसु’ यांनाही तारे मिळाले. ही दुकाने नावाजलेली आहेत यात वाद नाही. मात्र सुट्टीचा अर्धा दिवस रांगेत घालवून, आपल्याला नेमके कोणते सूप आवडते हे ठाऊक नसताना तिथे जाणे म्हणजे गाण्याचा कान तयार होण्याआधीच सवाई गंधर्वच्या मंडपात पहिल्या रांगेचे तिकीट काढण्यासारखे आहे. माझा सल्ला वेगळा आहे. आधी सूप ओळखायला शिकावे आणि मग आपल्या घराजवळून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच त्याचा शोध घ्यावा.

माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारी अनेक भारतीय कुटुंबे एदोगावा प्रभागातील निशी-कासाई परिसरात राहतात आणि त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत. तिथून जाणारा भुयारी रेल्वेचा तोझाई मार्ग शहराला पूर्व-पश्चिम छेदतो. रामेनच्या दृष्टीने हा मार्ग फारच भाग्याचा आहे, कारण ओतेमाची, ताकादानोबाबा, नाकानो आणि, गाडी पुढे जेआरच्या (जपान रेल्वेच्या) रुळांवरून मिताकाकडे जाणारी असेल तर, ओगिकुबो अशी सगळी महत्त्वाची ठिकाणे एकाच गाडीत बसून गाठता येतात.

प्रवासाला निघण्यापूर्वी वाडग्यात काय असते ते नीट समजून घ्यावे. रामेनचे पाच भाग मानतात: हाडे, मासळी किंवा भाज्या उकळून केलेले सूप, वाडग्याच्या तळाशी आधीच ओतलेला खारट अर्क, ज्याला ‘तारे’ म्हणतात, वरून सोडलेले सुगंधी तेल किंवा चरबी, नूडल्स, आणि शेवटी वर मांडलेले जिन्नस. इथे नवख्यांची एक गफलत नेहमी होते. शोयू, शिओ, मिसो आणि तोनकोत्सु ही एकाच यादीतील चार नावे आहेत असे त्यांना वाटते. वस्तुतः शोयू म्हणजे सोया सॉस, शिओ म्हणजे मीठ आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, म्हणजे ही तिन्ही नावे ‘तारे’ची आहेत, तोनकोत्सु म्हणजे डुकराची हाडे, अर्थात हे नाव सूपाचे आहे. त्यामुळे ‘तोनकोत्सु शोयू’ असे लिहिलेले दिसले तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. डुकराच्या हाडांचे सूप आणि सोया सॉसचा अर्क एवढाच त्याचा अर्थ आहे. सूप पारदर्शक असेल तर ते मंद आचेवर राखलेले असते, आणि दुधासारखे पांढरे असेल तर हाडे तासन्‌तास खळखळ उकळून त्यातील चरबी व जिलेटिन पाण्यात मिसळलेले असते. कोंबडीच्या अशा पांढऱ्या सूपाला ‘तोरी पाइतान’ म्हणतात. डुकराचे मांस नको असणाऱ्यांना हे नाव उपयोगी पडते, पण त्या दुकानातही वर ठेवलेली चकती डुकराच्या मांसाची असू शकते, म्हणून तेवढे वेगळे विचारून घ्यावे.

नूडल्सची पिवळसर झाक अंड्यामुळे आलेली असावी असे अनेकांना वाटते. ती मुख्यतः ‘कान्सुइ’ नावाच्या क्षारामुळे येते. सोडियम व पोटॅशियम कार्बोनेटच्या या मिश्रणामुळे गव्हाच्या पिठाला रंग येतो, ताण येतो आणि एक विशिष्ट वासही येतो. आपल्या पापडखाराचाच हा नातेवाईक. उडदाच्या पिठात पापडखार कमी पडला की पापड जसा बिघडतो, तसाच कान्सुइविना रामेनचा नूडल केवळ शेवयांसारखा मऊ पडतो. हे एकदा लक्षात आले की नूडल्सकडे दुर्लक्ष करून फक्त सूपाचीच वाखाणणी करण्याची सवय सुटते.

दुकानात पाऊल टाकल्यावर पहिली गाठ पडते ती तिकीट-यंत्राशी. बहुतेक दुकानांत दाराशीच हे यंत्र असते. त्यात पैसे घालायचे, बटण दाबायचे आणि निघालेले तिकीट काउंटरवर ठेवायचे. यंत्रावरची जपानी लिपी वाचता येत नसेल तर सर्वांत वरच्या ओळीतले डावीकडचे बटण दाबावे, कारण दुकानाचा मुख्य पदार्थ बहुधा तिथेच असतो. हा नियम नव्हे, पण मला त्याने क्वचितच दगा दिला आहे. खिशात 1000 येनच्या नोटा ठेवाव्यात, कारण जुनी यंत्रे मोठ्या नोटा घेत नाहीत. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा चलनात आल्यानंतर तर काही यंत्रे त्याही ओळखत नव्हती. साध्या वाडग्याला साधारण 1000 येन पडतील असे धरून चालावे. हा आकडा ओलांडला की गिऱ्हाईक बिचकते, म्हणून दुकानदार त्याला ‘हजार येनची भिंत’ म्हणत आले आहेत; अलीकडच्या महागाईत ही भिंत अनेक ठिकाणी पडली आहे.

रांगेचेही शास्त्र आहे. काही दुकानांत आधी तिकीट काढून मग रांगेत उभे राहायचे असते, तर काहींत बोलावल्यावरच आत जाऊन तिकीट काढायचे असते. पुढचे लोक काय करतात ते पाहावे. एकाने रांगेत उभे राहून चौघांची जागा धरणे इथे फार वाईट दिसते. दुपारी साडेबारा ही सर्वांत वाईट वेळ आहे. उघडण्यापूर्वी दहा मिनिटे किंवा दुपारी दोनच्या सुमारास जावे. मात्र दुपार आणि संध्याकाळ यांच्या मध्ये पुष्कळ दुकाने बंद असतात, आणि सूप संपले की वेळेआधीच दारावरचा पडदा आत घेतला जातो. रेटिंग पाहायचेच असेल तर ‘ताबेलॉग’ या जपानी संकेतस्थळावर पाहावे, आणि तिथे गुण फार हात राखून दिले जातात हे ध्यानात ठेवावे. पाचपैकी 3.5 हा आकडा आपल्याला सामान्य वाटतो. तिथे तो चांगल्या दुकानाचा आकडा आहे.

आता गाडीत बसू. निशी-कासाईहून पश्चिमेकडे निघाल्यावर पहिला मुक्काम ओतेमाची. तिथून जमिनीखालच्या वाटेने चालत टोकियो स्थानकात पोचता येते. स्थानकाच्या यायेसू बाजूला तळघरात ‘टोकियो रामेन स्ट्रीट’ आहे. आठ दुकाने एकाच ठिकाणी असल्याने आणि ती तिकीट-फाटकाच्या बाहेर असल्याने, लहान मुले व सामान घेऊन आलेल्या कुटुंबासाठी ही जागा सोयीची आहे. इथले ‘रोकुरिन्शा’ हे ‘त्सुकेमेन’साठी प्रसिद्ध आहे. या प्रकारात जाड नूडल्स थंड पाण्यात धुऊन वेगळ्या वाढतात आणि दाट, तीव्र सूपात बुडवून खातात. नूडल्स संपल्यावर उरलेले सूप गटागटा पिऊ नये; ते फार खारट असते. ‘सूप-वारी’ मागावी, म्हणजे त्यात गरम पातळ सूप घालून ते पिण्याजोगे करून देतात.

शाकाहारी वाचकांसाठी टोकियो स्थानक सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. रामेनच्या दुकानात शाकाहाराची अडचण वरच्या मांसात नसून तळच्या सूपात आहे. ‘यासाई रामेन’ म्हणजे भाज्यांचे रामेन, असे वाचून आनंदाने बटण दाबणाऱ्याच्या समोर भाज्यांचा डोंगर येतो खरा, पण तो उभा असतो डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांच्या सूपात. मांस काढून द्यायला सांगितले तर दुकानदार चकती काढून देतो आणि आपण विनंती पुरी केली असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. मासळीच्या अर्काला तर पुष्कळ जण मांसाहारात धरतच नाहीत. त्यामुळे ‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्य इथे पुरत नाही. “निकु तो साकाना वा ताबेमासेन”, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, असे सांगावे आणि सूपाकडे बोट दाखवून पुन्हा विचारावे. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे टोकियो स्थानकाच्या फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीट या भागात असलेले ‘टीज तानतान’. तिथे सगळेच पदार्थ प्राणिजन्य घटकांविना केलेले असतात. त्यांचे तानतानमेन तिळाच्या दाट वाटणावर उभे आहे, आणि तिळकुटाच्या चटणीवर वाढलेल्या जिभेला ते परके वाटत नाही. फाटकाच्या आत जाण्यासाठी जेआरचे तिकीट किंवा स्थानकाचे प्रवेश-तिकीट लागते, हे विसरू नये. दुसरा पर्याय ‘आफुरी’चा: एबिसूहून वाढलेल्या या दुकानाच्या यादीत वनस्पतिजन्य रामेन असते, आणि ज्यांना मांस चालते त्यांच्यासाठी युझू या सुगंधी लिंबाचे हलके शिओ रामेन आहे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र दोन्ही ठिकाणी आधी चौकशी करावी.

ताकादानोबाबा हा पुढचा मुक्काम. नावातल्या ‘बाबा’चा आपल्या बाबांशी संबंध नाही; घोडे पळवण्याच्या मैदानाला जपानीत बाबा म्हणतात. वासेदा विद्यापीठाचे विद्यार्थी या परिसराचे मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे इथे दुकानांची दाटी आहे, भाव आटोक्यात आहेत आणि वाढप सढळ आहे. दुकाने उघडतात आणि बंद पडतात त्या वेगाकडे पाहता इथे एखादे नाव सांगण्यापेक्षा वासेदा रस्त्याने चालत जाऊन विद्यार्थ्यांची रांग शोधणे अधिक शहाणपणाचे. कोणत्या दुकानात हाकाता (दक्षिणेकडील फुकुओका शहरातील भाग) पद्धतीचे तोनकोत्सु मिळाले तर बारीक नूडल्स किती कडक हव्यात ते विचारतील; ‘काता’ म्हणजे कडक, ‘फुत्सू’ म्हणजे नेहमीच्या. पहिल्या वेळी ‘फुत्सू’ म्हणावे. नूडल्स संपून सूप उरले तर ‘काएदामा’ म्हणावे, म्हणजे थोड्या पैशांत नूडल्सचा दुसरा घोस मिळतो. त्यासाठी सूप राखून ठेवावे लागते, हे उघड आहे. ‘जिरो’ हे नाव असलेल्या किंवा त्या धाटणीच्या दुकानात मात्र विचार करून शिरावे. मिता येथील केइओ विद्यापीठाजवळचे मूळ दुकान आणि त्याच्या शाखा नूडल्स, कोबी-मोड, चरबी व लसूण यांचा जो ढीग वाढतात, तो अर्धवट टाकून उठणे तिथे शिष्टाचाराला धरून नाही.

नाकानो येथे त्सुकेमेनचा उगम आहे. ‘ताइशोकेन’ या दुकानात काम करणारे काझुओ यामागिशी उरलेल्या नूडल्स सूपात बुडवून खात असत. गिऱ्हाइकांनाही ते हवेसे वाटू लागले आणि 1955 मध्ये तो पदार्थ यादीत आला. यामागिशींनी 1961 मध्ये हिगाशी-इकेबुकुरो येथे स्वतःचे दुकान काढले आणि पुढे इतके शिष्य घडवले की ताइशोकेन हे नाव आज शहरभर दिसते. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. याच नाकानोत 1996 मध्ये सुरू झालेले ‘आओबा’ आहे. हाडांचे सूप आणि मासळीचे सूप वेगवेगळे काढून वाडग्यात एकत्र करण्याची पद्धत त्या दुकानाने लोकप्रिय केली. रोकुरिन्शाचे दाट सूप ज्यांना जड गेले, त्यांनी इथे यावे. दोन्ही चवी ऐकू येतात आणि एकही दुसरीवर ओरडत नाही.

आणि ओगिकुबो. टोकियोचे मूळ रामेन शोयूचे आहे. 1910 मध्ये आसाकुसा येथे उघडलेल्या ‘राइराइकेन’मध्ये योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी हा पदार्थ करीत, आणि त्यात जपानी सोया सॉस शिरला तो कायमचा. त्या धाटणीचे रामेन खायचे असेल तर ओगिकुबो स्थानकाच्या उत्तरेस, ओमे रस्त्यावरील ‘हारुकिया’मध्ये जावे. 1949 पासूनचे हे दुकान आहे. सूपात ‘निबोशी’, म्हणजे उकडून वाळवलेली बारीक मासळी, असते. कोकणातल्या माणसाला वाडगा समोर येताच सुक्या मासळीच्या डब्याची आठवण होईल आणि देशावरच्या माणसाला कदाचित नाक किंचित मागे घ्यावेसे वाटेल. वर तेलाचा थर असल्याने सूप शेवटपर्यंत कढत राहते, तेव्हा पहिला घोट जपून घ्यावा. चव बदलली नाही असे गिऱ्हाइकाला वाटावे यासाठी चव सतत थोडी थोडी सुधारत राहावी लागते, असे या दुकानाचे धोरण सांगितले जाते. लोकांची जीभ वर्षागणिक चोखंदळ होत जाते, म्हणून जागच्या जागी राहिलेली चव त्यांना उतरल्यासारखी वाटते. माझ्या मते या संपूर्ण मार्गावर एकच वाडगा खायचा असेल तर तो इथला खावा.

खाताना सुर्र आवाज करण्यास संकोचू नये. त्याने नूडल्स निवतात आणि सुगंध नाकापर्यंत पोचतो. गप्पा मात्र बाहेर माराव्यात, कारण मागे माणसे उभी असतात. खाऊन झाल्यावर वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवावा, आपल्यापुढची जागा तिथल्या फडक्याने पुसावी, “गोचिसोसामा” म्हणावे आणि उठावे. परतीला ओगिकुबोहून तोझाई मार्गाची थेट गाडी नसेल तर चुओ मार्गाच्या गाडीने नाकानोपर्यंत येऊन तिथे गाडी बदलावी. नाकानो हे तोझाईचे टोक असल्यामुळे तिथून निघणाऱ्या गाडीत निशी-कासाईपर्यंत बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच असते.